दिवा वाढवा

लिहिणाऱ्याजवळ सांगण्यासारखे काही असावे लागते आणि सांगायची सवयही असावी लागते. सवय मला नाही. सांगण्यासारखे काही आहे की नाही, याचीही खात्री नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी आपले नावसुद्धा लिहिलेले नव्हते. वडील पावस गावच्या बागांतून माड चढत, आणि कागदाची गरज पडली तर अंगठा पुढे करत. त्यांचा मुलगा काही वर्षे कॉलेजात बसला म्हणून त्याने जाणत्या वाचकांपुढे पाने भरून ठेवावीत, हा आगाऊपणाच आहे. तो पोटात घालावा एवढीच विनंती. मी हे लिहितो आहे ते एका शब्दाच्या भीतीपायी. तो शब्द रोजचा आहे, प्रत्येकाच्या घरात बोलला जातो.

इंटरची परीक्षा देऊन मी घरी आलो तेव्हा पुढच्या वर्षाची सोय झाली नव्हती. एक वर्ष थांबावे लागणार हे उघड होते. रत्नागिरीतल्या ज्या वकिलांनी मला कॉलेजात जायला शिफारस दिली होती त्यांनीच पावसाळा सरताना सांगितले, की बंदराच्या कचेरीत हंगामापुरता इंग्रजी येणारा माणूस हवा आहे, उद्याच जाऊन भेट. मी भाट्याच्या तरीतून, म्हणजे उताऱ्याच्या होडीतून, खाडी ओलांडली आणि बंदरावर गेलो. ती डुलली की मी दोन्ही हातांनी काठ धरत असे. त्या दिवशीही धरला होता.

कचेरीतले हेडकारकून साताऱ्याकडचे होते. उंच, करडे, कमी बोलणारे. त्यांनी माझे अक्षर पाहिले, इंग्रजीत चार ओळी वाचून घेतल्या, आणि विचारले, समुद्राची काही माहिती आहे का. मी म्हणालो, "घर समुद्रकाठीच आहे." यात खोटे काही नव्हते. पण आमच्या घरातला समुद्र म्हणजे वडिलांना माडाच्या शेंड्यावरून दिसायचा तेवढा. होडीत बसून खाडीबाहेर आमच्यातले कोणी गेले नव्हते. हेडकारकुनांनी पुढे काही विचारले नाही आणि मी आपणहून सांगितले नाही. दुसऱ्या दिवसापासून मी कामावर होतो.

येणाऱ्याजाणाऱ्या शिडाच्या मचव्यांची नोंद, मालाच्या पावत्या, आगबोटीच्या वेळा हे सगळे मला आठवड्याभरात जमू लागले. भीती होती ती एका कामाची. दर्यावर वादळ उठले की मुंबईहून इंग्रजीत तार येई. ती वाचून बंदरावरच्या उंच खांबावर खूण चढवायची. दिवसा कापडाने मढवलेला मोठा काळा गोळा, आणि सूर्य मावळला की त्याच्या जागी लाल दिवे. एक दिवा लागला तर बाहेर हवा बिघडली आहे, जपून राहा. दोन लागले तर वादळ अंगावर येते आहे, कोणी बाहेर पडू नये. एकही नसला तर दर्या मोकळा. हे सगळे हेडकारकुनांनी मला पान जुळवता जुळवता सांगितले. तोंडात विडा टाकल्यावर म्हणाले, "यात न समजण्यासारखं काही नाही. आणि दर वेळी मला विचारायला येणार असलात तर मग तुम्हाला ठेवलंय कशाला?"

मी मान डोलावली. त्या प्रश्नाने माझे तोंड जे बंद झाले ते बरेच दिवस बंद राहिले.

मचवे चालवणारे तांडेल मला 'कॉलेज' म्हणत. कॉलेज आलं का, कॉलेजला विचारा, कॉलेज अजून जेवतंय. रागाने नव्हे, पण ऐकू येईल अशा आवाजात. सकाळी कचेरी उघडताना कोणी तरी हटकून विचारी, "काय मास्तर, आज वारा कसला?" आणि मी किनाऱ्यावरच्या माडांकडे बघून "बरा आहे" म्हणे. मग हसू पिके. वाऱ्याला त्यांच्याकडे इतकी नावे होती, आणि मला दोनच माहीत होती, बरा आणि वाईट. त्यांच्या हसण्याचे मला वाईट वाटत नसे. वाटे ते असे, की ही माणसे हसत हसत माझ्या खांबाकडे बघून दर्यात जातात. खांबावर काय आहे ते मी ठरवतो, आणि मला तरीतून खाडी ओलांडायची भीती वाटते.

कार्तिकात हेडकारकून हिवतापाने पडले. त्यांची बायकामुले साताऱ्याला होती. वर गावात एका घरात ते एकटेच राहत, आणि एक काकू त्यांचा स्वयंपाक करून जात. कचेरी माझ्या एकट्याच्या हाती आली, आणि त्याच आठवड्यात तार आली. ती मी पुन्हा पुन्हा वाचली. अर्थ सरळ होता. दूर दर्यात वादळ आहे, कोणत्या बाजूला वळेल ते अजून सांगता येत नाही. कचेरीच्या शिपायाने गोळा चढवला, संध्याकाळी एक लाल दिवा लावला. दुसऱ्या दिवशीही तेच. आभाळ राखेसारखे झाले होते, आणि वारा नसताना लाटा मात्र लांबून, जड होऊन येत होत्या.

त्या वेळी बंदरात केळशीचा एक मचवा अडकला होता. कौले उतरवून तो रिकामा झाला होता, आणि त्याच्या तांडेलाला कोणत्याही परिस्थितीत परत जायचे होते. पन्नाशी उलटलेला, आखूड मानेचा माणूस. त्याची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आगबोटीने आलेल्या कोणा गाववाल्याने त्याला निरोप दिला होता, की पोरीच्या हातापायांवर सूज चढली आहे, तिच्या डोळ्यांपुढे अंधारी येते आहे, आणि ती बापाला बोलावते आहे. तांडेल इथल्या डॉक्टरकडे गेला, सगळे सांगितले, आणि औषधाची बाटली घेऊन आला. ती त्याने कमरेच्या धोतरात खोचली होती. तिच्यावर तळहात ठेवूनच तो चाले.

आगबोट त्या हवेत मधल्या बंदरांना लागत नव्हती. पायवाटेने जायचे तर वाटेत खाड्याच खाड्या, किती दिवस लागतील त्याचा नेम नाही. राहिला मचवा. एका दिव्यावर निघायला तांडेलाला बंदी नव्हती, ते त्याच्या मर्जीवर होते. पण त्याचे खलाशी ऐकेनात. त्यांचे म्हणणे साधे होते: दिवा उतरला की त्याच क्षणी शीड चढवू, पण लाल दिव्याखाली निघणार नाही, आमच्याही घरी माणसे आहेत. तांडेल त्यांच्याशी भांडला आणि माझ्या कचेरीच्या पायरीवर येऊन बसला. मी पावती फाडताना मान वर केली की त्याची पाठ दिसे. त्या पाठीची मला शिव्यांपेक्षा जास्त धास्ती वाटत होती.

तिसऱ्या दिवशी सूर्य पाण्याला टेकायला आला होता. शिपायाने गोळा उतरवला होता आणि दिव्याची काच पुसत होता. तेवढ्यात स्वयंपाकाच्या काकू वरून उतरून आल्या. सुकत घातलेल्या मासळीमुळे पदर नाकाला लावून त्या लांबच उभ्या राहिल्या आणि तिथूनच बोलल्या. नवी तार हेडकारकुनांच्या नावाने होती. तारवाल्याला घर माहीत होते, म्हणून त्याने ती कचेरीत न देता घरीच दिली. साहेबांनी अंथरुणातच वाचली, आणि ती त्यांच्या उशालाच राहिली. "निरोप दिलाय तुला, दिवा वाढवा म्हणून."

शिपायाच्या हातातले फडके थांबले. पायरीवरचा तांडेल उठून उभा राहिला.

माझ्या आईच्या हातातली बांगडी कधी फुटली नाही, ती वाढली. देवापुढचा नारळ आम्ही फोडत नाही, वाढवतो. आमच्या पावसचा दुकानदार फळ्या लावताना दुकान वाढवतो, आणि निजताना आई मला म्हणे, दिवा वाढव रे, म्हणजे विझव. जे बोलू नये ते असे उलटे करून बोलायचे, हे मी शाळेत जाण्याआधी शिकलो होतो. मग दिवा वाढवा म्हणजे विझवा. दर्या मोकळा झाला.

पण हा निरोप कचेरीचा होता. कालपर्यंत एक दिवा होता. वादळ जवळ आले असेल तर कचेरीचा माणूस दुसरे काय म्हणेल? एकाचे दोन करा. दिवा वाढवा.

मी काकूंना विचारले, वाढवा म्हणजे नेमके काय म्हणाले ते. त्या म्हणाल्या, "वाढवा म्हणजे वाढवा. मराठीच बोलतेय ना मी? एवढा कॉलेजात जाऊन आलास." चुलीवर भात होता, तिन्हीसांजा झाल्या होत्या, घरी देवाजवळ दिवा लागायचा होता. त्या वळल्या आणि झपझप चढ चढू लागल्या.

तोवर मंडळी गोळा झाली होती. कोणी म्हणाले विझवा, यात विचारायचे काय, बायामाणसे याला वाढवाच म्हणतात. दुसऱ्याचे म्हणणे पडले, की निरोप बाईचा नाही, साहेबाचा आहे, आणि साहेब देशावरचा. तो कशाला आपल्या आईबहिणींसारखा बोलेल? कोणी विचारले, देशावर काय बांगड्या फुटतात होय? त्यावर दोघे हसले. शिपाई कोणाच्याच बाजूने बोलला नाही. एक दिवा त्याच्या हातात होता, दुसरा पेटीत होता, आणि तो माझ्याकडे बघत होता. सगळेच बघत होते.

मी दर्याकडे पाहिले. सांगायला लाज वाटते, पण दोन महिने त्याच्या काठावर बसूनही मला तिथे काही वाचता आले नाही. लाटा कमी झाल्या होत्या की तसे मला वाटत होते? कोणाला विचारले असते तर त्याने सांगितले असते. पण ज्याला विचारावे तो त्या सांजेला कोणत्या तरी एका बाजूचा होता. ज्यांना जायचे होते त्यांना दर्या शांत दिसत होता, आणि ज्यांना जायचे नव्हते त्यांना नव्हता.

तांडेल माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "मास्तर," तो हळू बोलला, "काय ते तुम्ही बोला. मी दर्याकडं बघत नाय. तुमच्या तोंडाकडं बघतोय."

माझ्या तोंडावर काय होते कोण जाणे. मला एवढेच दिसत होते, की मी विझवला आणि वादळ आले, तर हा माणूस आणि त्याच्याबरोबरची माणसे माझ्या शब्दावर मरतील. मी वाढवला आणि वादळ आले नाही, तर तिकडे एक पोर बापाची आणि बाटलीची वाट बघत राहील. पहिले मला डोळ्यांपुढे धडधडीत दिसत होते. दुसरे दिसत नव्हते, कारण ती मुलगी मी कधी पाहिली नव्हती. मी शिपायाला म्हणालो, दुसरा दिवा काढ.

दोन्ही दिवे खांबावर चढले तेव्हा खलाशी मचव्यावर जाऊन आडवे झाले. तांडेलाने मान वर करून दिव्यांकडे पाहिले.

"एक होता तवा पोरीकडं जाता येत नव्हतं," तो म्हणाला. "आता दोन झाले. कॉलेजात बेरीज बरी शिकवतात."



मग मी वर गावात गेलो. खरे तर हे आधी करायला हवे होते, पण दिवा सूर्यास्ताला लागलाच पाहिजे हा नियम होता आणि तेवढा वेळ नव्हता. निदान मी स्वतःला तसे सांगितले. चढ चढताना मी मनात वाक्य जुळवत होतो: साहेब, निरोप मिळाला, फक्त खात्री करावी म्हणून आलो. घराला आतून कडी होती. काकू गेल्या होत्या. खिडकी अंधारी होती, आणि आतून तापात झोपलेल्या माणसाचा जड श्वास येत होता. मी बाहेरच्या कडीला हात घातला. लोखंड गार होते. ती वाजवली की ते उठणार, थरथरत दाराशी येणार, आणि विचारणार, 'एवढंही समजलं नाही?' मी कडी हळूच खाली सोडली, ती लाकडावर वाजणार नाही अशी, आणि उतरून आलो.

वारा कधी उठतो याची मी रात्रभर कचेरीत पडून वाट पाहत होतो. वारा यावा असे मला वाटू लागले होते. हे खरे आहे. कौले उडावीत, माड वाकावेत, म्हणजे मी बरोबर ठरेन. काही झाले नाही. उजाडले तेव्हा पाणी तेलासारखे पसरले होते.

मी धावत वर गेलो. हेडकारकुनांचा ताप उतरला होता, ते भिंतीला टेकून पेज पीत होते. मला बघून म्हणाले, काल दिवा विझवलात ना, वादळ अरबस्तानाकडे वळलं. मी सांगितले, दोन लावले. त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारले, की बाई, मी तुम्हाला दिवा विझवायला सांगा म्हटलं होतं ना? आतून काकूंचा आवाज आला, "ऐन तिन्हीसांजेला विझवा म्हणून कोण बोलेल? घराघरांत दिवे लागत होते. मी आपलं वाढवा म्हटलं. मेल्याला तेवढं कळू नये?"

हेडकारकून हसू लागले, खोकला येईपर्यंत हसले. रागावले असते तर बरे झाले असते. मी पायऱ्या उतरत होतो तेव्हाही ते हसणे ऐकू येत होते.

मी बंदरावर येऊन सांगितले तसा शिपायाने खांब मोकळा केला आणि केळशीच्या मचव्याचे शीड चढू लागले. मला तांडेलाला काही तरी सांगायचे होते. तो सुकाणूजवळ उभा होता, एक हात कमरेवर, बाटलीवर. मी धक्क्याच्या टोकापर्यंत गेलो. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. मचवा मिऱ्याच्या डोंगराआड जाईपर्यंत मी तिथेच उभा होतो.

तो मचवा त्या हंगामात पुन्हा रत्नागिरीला आला नाही. त्याला मुंबईची भाडी मिळाली असे ऐकले. उत्तरेकडून कोणी आले की मी नोंद करता करता विचारत असे, केळशीला काही कळले का. हर्णैच्या एकाने सांगितले, की केळशीला दिवाळीनंतर एक बाई बाळंतपणात गेली, पण कोणाची ते त्याला माहीत नव्हते. मग दुसरा म्हणाला, ती वेगळी, ती शेतकऱ्याच्या घरातली. तिसऱ्याला काहीच ठाऊक नव्हते, तरी तो आग्रहाने सांगत होता, सगळे बरे आहे. मी विचारणे सोडले. कळण्याचीही भीती वाटू लागली होती.

शिमग्यानंतर मी नोकरी सोडली आणि जूनमध्ये पुन्हा कॉलेजात गेलो. खाणावळीत आचारी भाताचे भांडे घेऊन पंक्तीत येई आणि प्रत्येकाला विचारी, "वाढू?" माझ्याजवळ आला की मी पानावर हात आडवा धरी. मित्र म्हणत, हा लाजतो. मी अर्धपोटी उठे. कोणाला सांगण्यासारखे ते नव्हते. एका माणसाला पोरीकडे जायचे होते आणि मी त्याला थांबवले, एवढेच. पण ती जिवंत आहे की नाही हे माहीत नसताना मी पुस्तके उघडत होतो, परीक्षा देत होतो. पास झाल्याचे पत्र वडिलांनी दुसऱ्याकडून वाचून घेतले आणि माडांच्या बागेत नारळ वाढवला, असे मला कळवले गेले. तेव्हाही मला आधी तो शब्दच दिसला.

त्या मे महिन्यात मी मुंबईहून आगबोटीने घरी निघालो. हर्णैला बोट थांबली, किनाऱ्यावरून लहान पडावांतून माणसे वर आली. मी कठड्यापासून लांब, मध्ये बसलो होतो, कारण बोट हलत होती. वर आलेल्यांतला एक माणूस बोचके ठेवून माझ्याकडे बघू लागला, आणि जवळ येऊन उकिडवा बसला.

"दोन दिवेवाले मास्तर ना तुम्ही?"

त्याला मी ओळखले नाही, पण तो कोण ते मला कळले. त्या रात्री मचव्यावर आडवे झालेल्या खलाशांपैकी तो एक होता. मी विचारले, तांडेल कसा आहे. बरा आहे, त्याने सांगितले, गुडघे धरलेत. मग मी दुसरा प्रश्न विचारला, ज्यासाठी दीड वर्ष गेले होते.

त्याने आधी विडी पेटवली.

"लेकरू गेलं. आमी तुमच्या बंदरात पडलो होतो ना, त्याच दिवशी दुपारी. दुसरा दिवा लागला त्याच्या आधीच. आमाला कुठं ठावं." त्याने धूर सोडला. "पोरगी चार दिवस नुसती पडून होती, बापाला बघून डोळे उघडले. हाय ती. औंदा परत दिवस गेलेत."

मी कठड्यापलीकडच्या पाण्याकडे तोंड फिरवले. त्याला ते दिसले असावे, कारण तो जरा हसला आणि माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाला, "तांडेल सांगतो, पोरीचे दिवस भरेस्तोवर मचवा रत्नागिरीला न्यायचाच नाय. तिथले दिवे लई वाढतात."